नाशिकमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्री: हातानं शिकायचा विषय, एफ.वाय. ते टी.वाय.

नीटला गुण कमी पडले, सीईटीनंतर हवं ते कॉलेज मिळालं नाही, म्हणून बी.एस्सी.ला आलेली मुलं दर वर्षी भेटतात. पहिले काही आठवडे ती वर्गात बसतात, पण मन अजून त्या निकालातच अडकलेलं असतं. केमिस्ट्रीत नेमके तेच आठवडे महागात पडतात, कारण मोल, नॉर्मॅलिटी आणि ग्राफ तेव्हाच पक्के व्हायचे असतात. ते राहिले की तिन्ही वर्षं पाठांतरावर काढावी लागतात.

पाठांतरावर केमिस्ट्रीत पास होता येतं, पण ती येत नाही. ब्युरेटची तोटी फिरवून, गणित कागदावर शेवटच्या एककापर्यंत सोडवून, मेकॅनिझमचे बाण स्वतः काढूनच ती येते. प्रॅक्टिकलला मुख्य तास समजा आणि थिअरी त्याच्याशी जोडत चला. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

प्रवेशाआधी लॅब बघून या

गंगापूर रोडचं केटीएचएम, कॉलेज रोडचं एचपीटी-आरवायके, नाशिकरोडचं बिटको, पंचवटीतलं आणि तालुक्याच्या गावांतली विज्ञान महाविद्यालयं ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. नावावरून किंवा इमारतीवरून ठरवू नका. टी.वाय.च्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: टायट्रेशनला प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट मिळते, की चौघांत एक? कलरीमीटर, पीएच मीटर, कंडक्टोमीटर चालू आहेत की कपाटात आहेत? ठरलेली प्रॅक्टिकलं खरंच होतात, की शेवटच्या महिन्यात जर्नल उतरवून घेतात? ही उत्तरं माहितीपत्रकात सापडत नाहीत.

कॉलेज ऑटोनॉमस असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं. अशा वेळी विद्यापीठाचा सिलॅबस डाउनलोड करून उपयोग नाही, कॉलेजचाच घ्या.

निफाड, दिंडोरी, सिन्नर किंवा त्र्यंबकहून एसटीनं येणाऱ्यांनी प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांशी बोलून घ्यावी. बस गाठायची म्हणून शेवटचं रीडिंग सोडून जाणारी मुलं वर्षभर तेच करतात. बॅच बदलून मागण्यात संकोच नको. सुरुवातीला ते होऊ शकतं, ऑक्टोबरमध्ये होत नाही.

२०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू आहे. साधारणपणे पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर, एक मायनर ठरवायचा. एका सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं ३० तास. हा हिशेब लक्षात ठेवला की प्रॅक्टिकल बुडवल्यावर किती बुडतं ते कळतं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणजे एफ.वाय.चे गुणही मोजले जातात.

तीन विषयांत केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा फिजिक्स यांपैकी एक तरी ठेवा, असं माझं ठाम मत आहे. वनस्पतिशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजी घेऊन पुढे अन्न आणि औषध क्षेत्रात जाणं चांगलंच आहे. पण गणित पूर्ण सुटलं की क्वांटम, कायनेटिक्स आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये ओळी उतरवण्यापलीकडे काही उरत नाही.

पहिला महिना: मोल आणि एकक

अकरावी-बारावीत मोल शिकवलेला असतो, पण हातात आलेला नसतो. तो घट्ट करायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. घरी द्राक्षबाग असेल तर जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड फवारताना पाहिलंच असेल. १ ग्रॅम जीए १०० लिटर पाण्यात गेलं की लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीएम. त्याचा रेणुभार सुमारे ३४६. मग तेच द्रावण मोलॅरिटीत किती? लिटरला सुमारे ०.०२९ मिलिमोल. आणि ही पावडर आधी थोड्या अल्कोहोलात किंवा ॲसिटोनमध्ये का विरघळवतात? पाण्यात ती नीट विरघळत नाही म्हणून. एका फवारणीत सॉल्युबिलिटी, डायल्युशन आणि पीपीएम तिन्ही आले.

दुसरं उदाहरण बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचं. १ टक्क्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदात स्फटिकजल असतं आणि त्याचा रेणुभार २४९.७ येतो. त्यात तांबं ६३.५५. म्हणजे एका किलोत तांबं जेमतेम २५४ ग्रॅम, आणि पाणीच ३६० ग्रॅम. लॅबमध्ये स्फटिकजल न धरता वजन घेतलं तर उत्तर का चुकतं, ते इथे आपोआप समजतं. शेतकरी मिश्रणात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून बघतात, त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात. लोखंडाचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल उणे ०.४४ व्होल्ट आणि तांब्याचं अधिक ०.३४ व्होल्ट, त्यामुळे मोकळे कॉपर आयन उरले असतील तर लोखंड त्यांना बाहेर काढतं. ती चाचणी इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचीच आहे.

या महिन्यात रोज अर्धा तास एवढंच करा: ग्रॅमचे मोल, मोलची नॉर्मॅलिटी, एका तीव्रतेतून दुसरी. प्रत्येक ओळीत एकक लिहा. शेवटी एकक जुळलं नाही तर उत्तर तपासायचीही गरज नाही, ते चूकच आहे. सोबत लॉग, घातांक, सरळ रेषेचा स्लोप आणि अगदी प्राथमिक डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन उजळून घ्या.

प्रॅक्टिकल: इथे घाई नको

आदल्या संध्याकाळी प्रयोग वाचून या. पाठ करायला नको. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा: काय मोजायचं आहे, कुठल्या अभिक्रियेनं, आणि चूक कुठे होऊ शकते. यांतलं तिसरं उत्तर बहुतेकांना येत नाही, आणि व्हायवाला तेच विचारतात.

ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक ॲसिडचा इक्विव्हॅलंट वेट ६३.०३. २५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणाला १.५७६ ग्रॅम लागतं. तराजूवर नेमके १.५७६ आणायला चिमटी-चिमटीनं पावडर काढत-घालत वेळ घालवू नका. १.५९ आलं तर १.५९ लिहा आणि खरी नॉर्मॅलिटी ०.१००९ काढा. आकडा आहे तसा लिहून हिशेब दुरुस्त करणं, ही सवय पुढे कारखान्यात थेट कामाला येते.

आता ॲसिड. सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे. ॲसिड कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइड. असं झालं की ते रीडिंग टाकून द्या, ओढूनताणून पुढे नेऊ नका. द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसला का तापवायचं? थंड असताना अभिक्रिया फार हळू चालते. आणि नीट पाहा: पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो, नंतरचे थेंब पडल्या-पडल्या रंग सोडतात. तयार होणारे मँगनस आयन स्वतःच अभिक्रियेला वेग देतात. थिअरीतली ऑटोकॅटॅलिसिस डोळ्यांसमोर घडत असते आणि निम्मा वर्ग मोबाइल बघत असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायलट रीडिंग भराभर घ्या, पण त्यानंतरची तीन संथपणे. शेवटच्या अर्ध्या मिलीत थेंब-थेंब. फ्लास्कखाली पांढरा कागद हवा. परमँगनेट गडद असल्यानं मेनिस्कसची वरची कड वाचा, रंगहीन द्रावणात खालची. ब्युरेटचा लीस्ट काउंट ०.१ मिली. रीडिंग १० मिली असेल तर ०.१ ची चूक म्हणजे १ टक्का, ५ मिली असेल तर २ टक्के. म्हणून सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा-पुन्हा तेच येणारं रीडिंग) फार लहान येत असेल तर प्रयोगाची आखणीच बदलायला हवी. आणि शेजारच्याचं सी.बी.आर. बघून आपलं जुळवू नका. वेगळं आलेलं रीडिंग का वेगळं आलं हे शोधण्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं जुळलेल्या तीन रीडिंगांतही मिळत नाही.

ईडीटीएनं पाण्याचा कठीणपणा काढायचा प्रयोग असेल तेव्हा सरांची परवानगी घेऊन घरच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाटलीत आणा आणि शहरातल्या नळाच्या पाण्याशी ताडून पाहा. अमोनिया बफरनं पीएच १० ला ठेवा, एरिओक्रोम ब्लॅक टी घाला, वाइनसारखा तांबडा रंग स्वच्छ निळा झाला की थांबा. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिली पाण्याला १२ मिली लागले तर लिटरला २४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे काढलेला आकडा आपल्या गावाविषयी काहीतरी सांगतो. जर्नलमधल्या पाण्याच्या उसन्या आकड्याला हा अर्थ नसतो.

नोंद तिथल्या तिथे, पेननं. सुट्या कागदावर लिहून घरी सुंदर अक्षरात उतरवायची पद्धत सोडा. खोडायचं तर एक रेघ मारा, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे.

सुरक्षेत सवलत नाही. गॉगल, सुती ॲप्रन, बंद बूट, केस बांधलेले. ॲसिड नेहमी पाण्यात, हळूहळू. पाणी ॲसिडात कधीच नाही. पिपेट तोंडानं ओढायची नाही, रबरी बल्ब मागून घ्या. ब्रोमीन आणि तीव्र नायट्रिक फ्यूम हूडमध्येच. आणि बेसिनमध्ये सगळं ओतू नका. डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम विषारी आहे, त्यासाठी वेगळी बाटली मागा. विभागात ती नसेल तर ठेवण्याचा आग्रह धरा. सिंकमधलं पाणी शेवटी गोदावरीकडेच जातं.

तीन शाखा, अभ्यासाच्या तीन तऱ्हा

फिजिकलला वही बंद करून डेरिव्हेशन लिहायचं. अडलात तिथे थांबा, पाहा, पुन्हा पहिल्यापासून लिहा. प्रत्येक सूत्राशेजारी ते कधी लागू होतं ते लिहा: तापमान स्थिर आहे का, वायू आदर्श आहे का, प्रक्रिया रिव्हर्सिबल आहे का. थर्मोडायनॅमिक्समध्ये चुकणारी बहुतेक गणितं इथेच चुकतात. कायनेटिक्स शिकताना मिथिल ॲसिटेटच्या हायड्रॉलिसिसची स्वतःची रीडिंगं घ्या, ग्राफ काढा, स्लोपवरून रेट कॉन्स्टंट काढा आणि मग ०.६९३ ला त्यानं भागा. हाफ-लाइफ सूत्रातून पाठ केलेला वेगळा आणि आपल्या ग्राफमधून निघालेला वेगळा.

ऑरगॅनिकला रिॲक्शनच्या याद्या पाठ करणं हा सर्वात मोठा अपव्यय. इलेक्ट्रॉन कुठून निघाले, कुठे गेले, बाण तिथून तिथेच काढा. बाण कधीही हायड्रोजन आयनापासून निघत नाही, तो इलेक्ट्रॉन असतील तिथूनच निघतो. हा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका जातात. प्रत्येक फंक्शनल ग्रुपला एक पान द्या: कसा तयार होतो, कशानं बदलतो, चाचणी कोणती, पीकेए (आम्लाच्या ताकदीचा आकडा) साधारण किती. स्टिरिओकेमिस्ट्रीला बॉल-स्टिक मॉडेल हातात घ्या, फळ्यावरून ती डोक्यात बसत नाही. आणि टार्टरिक ॲसिडपासून सुरुवात करा. ते आपल्या द्राक्षात आहेच. त्याचे तीन स्टिरिओआयसोमर: दोन एकमेकांचे आरसे आणि तिसरा मेसो, ज्याच्यातच सममिती असल्यानं तो ध्रुवित प्रकाश वळवत नाही. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी याच आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली चिमट्यानं वेगळे केले होते. तिन्ही आयसोमर फिशर प्रोजेक्शनमध्ये काढा, आर-एस लावा. हे जमलं की प्रकरणाचा मोठा भाग हाती आला.

इनऑरगॅनिकमध्ये 'का' विचारत राहा. मोरचूद टेस्ट ट्यूबमध्ये तापवलं की पांढरं होतं, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळं. रंग तांब्याचा, तर तापवल्यावर गेला कुठे? लिगँड आणि क्रिस्टल फील्ड स्प्लिटिंग हे या प्रश्नाचं उत्तर म्हणून शिका. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये गट कोणत्या क्रमानं का वेगळे होतात, हे सॉल्युबिलिटी प्रॉडक्टनं समजावता आलं पाहिजे.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुली एफ.वाय.ला गप्प होतात, कारण शब्द येत नाहीत. चर्चा बिनधास्त मराठीत करा. मैत्रिणीला एंट्रॉपी मराठीत समजावता आली तर ती तुम्हाला कळली आहे. पण वाचन पहिल्या दिवसापासून इंग्रजीत आणि उत्तराचा सराव इंग्रजीत. रोज एक उत्तर, पाच-सहा छोटी वाक्यं पुरेत. लांबलचक वाक्यं लिहायच्या नादात व्याकरणही जातं आणि रसायनही. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरची व्याख्यानं मोफत आहेत. कॅप्शन लावून ऐका, उच्चारही सुधारतात. घरी शांतता नसेल तर १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे, कॉलेजची अभ्यासिका आहे.

परीक्षेविषयी थोडक्यात

थिअरीत साधारण ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के सत्रान्त. अंतर्गत गुण हे हजेरी आणि वेळेवर दिलेल्या कामाचे असतात, ते हातचे घालवू नका. दर रविवारी त्या आठवड्यातलं एक डेरिव्हेशन, एक मेकॅनिझम आणि दोन गणितं न बघता सोडवा. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवू नका. प्रकरण संपलं की त्यावरचे प्रश्न लगेच सोडवा.

एस.वाय.: कारखान्याचं दार ठोठवा

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती, दिंडोरी-निफाडकडच्या वायनरी, द्राक्ष निर्यातीची पॅकहाउसं, दिंडोरी रोडवरची मेरी ही जलसंपदा विभागाची संशोधन संस्था: इतकं काही एसटीच्या अंतरावर असलेली शहरं फार नाहीत. ओजेटीची, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ऑन-जॉब ट्रेनिंगची वेळ येईपर्यंत थांबू नका. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे नुसतं बघायला मिळालं तरी जा. विभागाकडून पत्र घ्या, एका पानाचा बायोडेटा जोडा आणि त्यात स्वतः केलेल्या प्रयोगांची नावं लिहा. 'मेहनती आणि प्रामाणिक' असं लिहून काही कळत नाही. 'ईडीटीए टायट्रेशन, पीएच-मेट्री, टीएलसी केलं आहे' यावरून कळतं.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, यूव्ही, ओलाव्यासाठी कार्ल फिशर आणि गोळीचं डिझोल्यूशन ही रोजची कामं. नवीन माणसाकडे ते आधी हात नाही, वही बघतात. नोंद नसेल तर काम झालेलंच नाही असं धरलं जातं. वायनरीत पीएच, एकूण आम्लता, साखरेसाठी ब्रिक्स आणि मोकळा सल्फर डायऑक्साइड मोजतात. यांतली बरीच मोजमापं तुम्ही एफ.वाय.-एस.वाय.ला शिकलेल्या टायट्रेशनवरच उभी आहेत.

'एचपीएलसी ट्रेनिंग, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या दिसतील. पैसे भरण्याआधी एकच विचारा: यंत्रावर मी स्वतः किती नमुने चालवणार? उत्तर गोल-गोल आलं तर परत फिरा.

टी.वाय.: नोकरी की एम.एस्सी.

हा निर्णय पाचव्या सत्राच्या सुरुवातीला घ्या, निकालानंतर नाही. घरची परिस्थिती नोकरीची असेल तर त्यात काहीही कमी नाही. दोन-तीन वर्षं क्यूसीत काढून एम.एस्सी.ला परतलेली मुलं फार समजून शिकतात.

एम.एस्सी.साठी पुण्यात विद्यापीठाचा विभाग, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून केंद्रीय विद्यापीठं आणि जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून आयआयटी हे रस्ते आहेत. जॅम फेब्रुवारीत होते, टी.वाय.ला असताना देता येते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात एकच बरोबर पर्याय असलेले ३० प्रश्न, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात. दुसऱ्या भागात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १० आणि तिसऱ्या भागात उत्तराचा आकडा लिहायचे २० प्रश्न, या दोन्हींत गुण कापत नाहीत. म्हणजे ५० गुण असे आहेत जिथे चुकीची भीती नाही. त्यांतले ३० निव्वळ आकड्यांचे आहेत, आणि एककासह गणित करायची सवय असलेल्याला ते सर्वात सोपे जातात. तयारी एस.वाय.च्या उन्हाळी सुट्टीत सुरू करा.

अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधून भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कॉलेज प्रवेशाला चाललेला राज्याचा दाखला इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तो त्यांनी दिलेल्या मुदतीतल्या तारखेचा असावा लागतो. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून तो हातात यायला वेळ लागतो, म्हणून गणपतीच्या आधीच अर्ज टाकून ठेवा.